भाच्याला शिक्षा झाली, वय विशीचं : अपिलात नेमकं काय मागायचं?

जिंतूर तालुक्यातून एका मामांनी विचारलं आहे. बहिणीचा मुलगा. २० मे २०२३ रोजी बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, पोरानं बाभळीच्या काठीचा तडाखा दिला आणि शेजाऱ्याचं डाव्या हाताचं हाड मोडलं. गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत), ५०४ (अपमान करून चिथावणी) आणि ५०६ (धमकी) खाली. मार्च २०२५ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी ३२६ खाली दोन वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार दंड ठोठावला, बाकी कलमांतून सोडलं. सत्र न्यायालयात अपील मुदतीत दाखल झालंय, शिक्षा स्थगित आहे, पोरगं जामिनावर घरी आहे. टी.सी.वर जन्मतारीख १ जून २००४. मामांना तीन गोष्टी हव्या आहेत. वयाकडे बघून अपिलात सोडतील का? समोरचा गावभर सांगत फिरतोय की मी शिक्षा वाढवून आणतो, तर तशी वाढते का? आणि पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं, ते आता संपलं का?

तुम्हाला मामाच म्हणतो, कारण तुम्ही तेवढीच ओळख दिली आहे. निकालाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. लोक मला पहिलं पान पाठवतात, ज्यावर नुसती नावं आणि कलमं असतात. मी सत्तावीस वर्षं फौजदारी अपिलं चालवतोय, काही जिल्हा न्यायालयांत, काही औरंगाबाद खंडपीठात, आणि तरुण आरोपीच्या अपिलात मी सगळ्यात आधी शेवटचं पानच उघडतो. तुमच्या पानावर लिहिलंय : "शिक्षेबाबत आरोपीस ऐकले. आरोपी तरुण असून पहिलाच गुन्हा असल्याचे सांगतो. तथापि गुन्ह्याचे स्वरूप पाहता दया दाखविणे उचित होणार नाही." तीन वाक्यं. त्यात वय किती ते नाही, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल मागवला का ते नाही, प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडणं, का नाही ते नाही. तुमच्या वकिलांनी अपिलात याच तीन वाक्यांवर सगळा भर दिलाय, असं तुम्ही लिहिता. कारणं नोंदवली नाहीत, म्हणून शिक्षा रद्द करा.

इथेच मला थांबवावंसं वाटतं. मुद्दा खरा आहे, पण जागा चुकली आहे.

अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८, ज्याला कोर्टात सगळे प्रोबेशन अ‍ॅक्ट म्हणतात, त्यातलं कलम ६ एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. अशा मुलाला तुरुंगात पाठवायचंच नाही, हा तिथला नियम. पाठवायचं असेल तर कलम ३ किंवा ४ प्रमाणे, म्हणजे समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं का योग्य नाही, याबद्दल कोर्टाचं समाधान व्हायला हवं, आणि ती कारणं लिहायला हवीत. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणं तिथे बंधनकारक आहे. कोवळी पोरं जेलात सराईतांच्या संगतीत बिघडतात, म्हणून हे कलम आलं. पण त्यातच एक अट आहे : गुन्हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा नसावा. कलम ४ मध्येही तेच, फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणारा गुन्हा त्यातून वगळला आहे. आणि ३२६ ला शिक्षा काय लिहिली आहे? जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे न्यायदंडाधिकारी स्वतः तीन वर्षांपेक्षा जास्त देऊच शकत नव्हते, प्रत्यक्षात दिली दोनच, तरीही कलम ३२६ आहे म्हणून प्रोबेशनचं दार बंद. किती शिक्षा दिली हे बघत नाहीत, किती देता येते हे बघतात. तुमचे वकील 'कारणं नाहीत' म्हणतील, सरकारी वकील उठून एवढंच म्हणतील की या कलमाला तो कायदाच लागू नाही, आणि खाली बसतील.

हे मला कुणी शिकवलं नाही, ठेच लागून कळलं. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एकोणीस वर्षांच्या पोरासाठी मी अर्धा तास वयावर बोललो. आई विधवा आहे, पोरगं आयटीआयला आहे, सगळं सगळं. सत्र न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, शिक्षेचं कलम वाचलंत का?" मी वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण जन्मठेप हा शब्द डोळ्यांपुढून गेला होता.

तेव्हा मामा, तुमच्या अपिलात वय हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा कलम. ३२६ चं ३२५ झालं, तर चित्र पालटतं. ३२५ म्हणजे साधनाविना किंवा साध्या साधनानं केलेली गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत, जन्मठेप नाही. कलम ६ तिथे पूर्ण ताकदीनं लागू होतं.

आणि ३२५ होऊ शकतं का? ३२६ साठी हत्यार हवं : गोळी घालायचं, भोसकायचं, कापायचं, किंवा मारलं तर जीव जाण्याची शक्यता असलेलं कुठलंही साधन. काठी यात बसते की नाही, याचं एकच उत्तर नाही. लोखंडी कडी घातलेली, मनगटाएवढी जाड काठी डोक्यात घातली तर बसेल. हातावर मारलेली बाभळीची काठी बसेलच असं नाही. म्हणून जप्ती पंचनाम्याची नक्कल काढा आणि त्यात काठीचं वर्णन काय आहे बघा. माझ्या अनुभवात निम्म्या पंचनाम्यांत 'अंदाजे तीन फूट लांब बाभळीची काठी' एवढंच असतं. जाडी नाही, वजन नाही, टोक कसं ते नाही. मग डॉक्टरांची साक्ष काढा. पोलिसांनी ती काठी डॉक्टरांना दाखवून 'या हत्यारानं ही जखम होऊ शकते का' असं विचारलं होतं का? आमच्याकडे त्याला क्वेरी रिपोर्ट म्हणतात. तो नसेल, आणि कोर्टातही डॉक्टरांना काठी दाखवली नसेल, तर काठी घातक हत्यार होती हे सरकार पक्षानं सिद्ध केलं कुठे?

एक्स-रेचंही बघा. हाड मोडलं म्हणून दुखापत 'गंभीर' ठरते. प्लेट कोर्टात दाखल झाली का? प्लेट वाचणारा डॉक्टर साक्षीला आला का, की नुसतं जखमेचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं? हा मुद्दा मी दुय्यम ठेवतो. शेजाऱ्याचा हात खरंच मोडला असेल आणि गावानं प्लॅस्टर बघितलं असेल, तर हाड मोडलंच नाही असं ठासून सांगणारा वकील न्यायाधीशाच्या मनातून उतरतो. मग वयाचा मुद्दा मांडायची वेळ येते तेव्हा ऐकणारा कान थकलेला असतो.

आता वय.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही कंसात टाकली आहे : "आता त्याला एकवीस पूर्ण झाली, म्हणून वकील म्हणतात की फायदा गेला." फायदा गेलेला नाही. कलम ६ साठी वय कुठल्या दिवशीचं मोजायचं, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच रामजी मिसर विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात दिला आहे. घटनेच्या दिवसाचं वय नाही, अपिलाच्या सुनावणीच्या दिवसाचंही नाही. खालच्या कोर्टानं दोषी धरून शिक्षेचा विचार केला, त्या दिवसाचं. १ जून २००४ धरलं तर मार्च २०२५ ला पोरगं वीस वर्षं नऊ महिन्यांचं होतं. निकाल जूनच्या सुट्टीनंतर लागला असता, तर हे कलम हातातून गेलं असतं. आपल्याकडे खटले ज्या गतीनं चालतात, त्यात एकोणीसचं पोरगं निकालापर्यंत बावीसचं होतं आणि कायद्यानं दिलेलं संरक्षण तारखांमध्येच विरून जातं. हे मला पटत नाही, पण कायदा आज असाच आहे. तुमचा भाचा तीन महिन्यांच्या फरकानं एकवीसच्या आत राहिला.

ज्यांची पोरं या वयाच्या अटीबाहेर गेली, त्यांच्यासाठी एक ओळ. कलम ४ ला वयाची अट नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातल्या जबरी चोरीचं प्रकरण होतं, घटनेवेळी दोघंही एकविशीच्या आतले, शिक्षेच्या दिवशी वर गेलेले. कलम ६ नाकारून कोर्टानं त्यांना कलम ४ खाली सोडलं, आणि तेही किमान शिक्षा असलेल्या कलमात, निम्मी शिक्षा भोगून झालेली आणि फिर्यादीशी समेट झालेला बघून.

आता 'अपिलात हे मागता येतं का' याबद्दल. येतं. कलम ११ सांगतं की प्रोबेशनचा आदेश अपिलात किंवा रिव्हिजनमध्ये (खालच्या निकालाच्या फेरतपासणीत) वरचं कोर्टही देऊ शकतं. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य हे प्रकरण वकिलांना पाठ असतं : सोळा वर्षांचा मुलगा, सहा महिन्यांची सक्तमजुरी, सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात कुणी प्रोबेशन अ‍ॅक्टचं नावही काढलेलं नव्हतं, आणि खालचा निकाल लागला त्या दिवशी तर तो कायदा त्या जिल्ह्यात लागूसुद्धा झालेला नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयानं त्याला लाभ द्यायला लावला. तुमचा मुद्दा त्याहून कितीतरी सरळ आहे. अपील कोर्टानं ३२५ केलं, की त्याच क्षणी कलम ६ जिवंत होतं आणि अहवाल मागवणं कोर्टावर बंधनकारक होतं.

जन्मतारखेवर थोडं थांबतो, कारण १ जून वाचून मला हसू आलं. मराठवाड्यात दर तिसरा माणूस एक जूनला जन्मलेला आहे. गुरुजींनी शाळा उघडताना पोराला उचलून पहिलीत बसवलं, कानावरून हात घालून बघितला, आणि वय बसेल अशी तारीख टाकली. तुमच्या बहिणीचं म्हणणं तुम्ही कळवलंत, की तो 'पोळ्याच्या आसपास' झाला. पोळा म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. त्यानं काय फरक पडतो? पोळा २००४ चा असेल तर घटनेच्या दिवशी तो साडेअठरा-पावणेएकोणीसचा होता, आणि काहीच बदलत नाही. पोळा २००५ चा असेल तर मात्र घटनेच्या दिवशी तो अठराच्या आत होता. मग हा खटला त्या कोर्टात चालायलाच नको होता, तो बाल न्याय मंडळाकडे जायला हवा होता. अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा करता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी २०२३ मध्ये राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून घटनेवेळी साडेबारा वर्षांचा ठरला. अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर तो सुटला.

पण तुमच्या बाबतीत मला हा नाद करावासा वाटत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तरच ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. तुमच्याकडे शाळेचा दाखला आहे आणि तो अठराच्या वर नेतो. आता ग्रामपंचायतीतून नवी नोंद काढून आणली, तर सरकारी वकील पहिला प्रश्न विचारतील की ही नोंद कधी झाली. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरमध्ये २००५ सालीच नोंद झालेली असेल, तर मला कळवा, मग वेगळं बोलू. प्रतिज्ञापत्र करून आज तयार केलेली तारीख मात्र आणू नका.

अहवालाबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अपील जिंकायचं किंवा हरायचं ते तिथे. परिविक्षा अधिकारी घरी येतो. आईवडिलांशी, शेजाऱ्यांशी, पोलीस पाटलाशी बोलतो, शिक्षण, कामधंदा, व्यसन, संगत, आधीचे गुन्हे बघतो, आणि कोर्टाला लिहितो. न्यायाधीश पोराला पाच मिनिटं बघतात, तेही आरोपीच्या पिंजऱ्यात. गावातलं पोरगं कसं आहे, हे त्यांना फक्त त्या कागदावरून कळतं.

काही वर्षांपूर्वी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं एक प्रकरण माझ्याकडे आलं. वीस वर्षांचं पोरगं, चोरीचा गुन्हा, पहिलाच. खालच्या कोर्टानं अहवाल मागवला होता, हे चांगलंच. पण प्रोबेशन नाकारलं होतं, आणि निकालात एवढंच लिहिलं होतं की अहवाल अनुकूल नाही. हा अहवाल गोपनीय असतो, आरोपीला तो मिळत नाही. मात्र प्रोबेशन अ‍ॅक्टच्या कलम ७ खाली त्याचा सारांश कोर्ट सांगू शकतं, आणि त्यावर पुरावा द्यायची संधीही देऊ शकतं. अपिलात मी तो अर्ज दिला. सारांश कळला तेव्हा मी कपाळावर हात मारला. अधिकारी जानेवारीत गेले होते. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "कारखान्यावर गेलेत समदे." अधिकाऱ्यांनी लिहिलं : कुटुंबाचा कायमचा ठावठिकाणा नाही.

ऊसतोड करणाऱ्या घरात जानेवारीत कोण सापडणार? दिवाळीनंतर कोयता गेला की मार्च-एप्रिलपर्यंत वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुलपं. अधिकाऱ्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. आणि कलम ४ मध्ये अट आहेच की आरोपीचा कोर्टाच्या हद्दीत कायम ठावठिकाणा किंवा नियमित कामधंदा असावा. पण त्याच वाक्यात पुढे 'किंवा जामीनदाराचा' असंही आहे. हे वाक्य पुरतं कुणी वाचत नाही. आम्ही चुलत्याला जामीनदार म्हणून उभं केलं, त्याच्या नावावर तिथेच तीन एकर, सातबारा जोडला. मुकादमाकडची उचल आणि कोयत्याच्या नोंदी असलेली वही दाखल केली, म्हणजे हे घर पळून गेलेलं नाही, दरसाल जातं आणि दरसाल परत येतं हे दिसावं. नवा अहवाल मागवायची विनंती केली, तीही मे महिन्यात. या वेळी आई घरी होती, भाकरी थापत होती, तिनं अधिकाऱ्यांना ताक दिलं आणि पोराच्या शाळेच्या गुणपत्रिका पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवल्या. अहवाल चार पानांचा आला. दोन वर्षांच्या बंधपत्रावर पोरगं सुटलं.

तुमच्या बहिणीकडचं कुणी उसाला जात असेल, पुण्या-मुंबईला कामाला असेल, तर तारखेच्या आधीच वकिलांना सांगा. अहवालाच्या दिवशी घर उघडं हवं आणि घरात बोलणारं मोठं माणूस हवं. पढवून ठेवू नका. अधिकाऱ्यांना पढवलेलं लगेच कळतं.

समोरच्याच्या धमकीचं मी दोन ओळींत सांगू शकतो, पण तुम्ही घाबरलेले दिसता, म्हणून चार ओळी. तुमच्या अपिलात तुमचीच शिक्षा वाढत नाही. आरोपीनं केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, बदलू शकतं, वाढवू शकत नाही. फिर्यादीला अपिलाचा हक्क आहे, पण तो निर्दोष सुटकेविरुद्ध, हलक्या कलमात दोषी धरल्याविरुद्ध, किंवा भरपाई कमी मिळाल्याबद्दल. शिक्षा कमी झाली म्हणून फिर्यादीला अपील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. ते सरकारनं करायचं असतं. फिर्यादी रिव्हिजन टाकू शकतो, पण तिथेही पोराला ऐकल्याशिवाय काही वाढत नाही. सरकारनं अपील केलंच, तर त्याच अपिलात तुम्हाला निर्दोष सोडा किंवा शिक्षा कमी करा असंही म्हणता येतं. आणि समजा सगळं तुमच्या विरुद्ध गेलं, तरी खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना जेवढी देता आली असती त्यापेक्षा जास्त शिक्षा अपील कोर्ट देऊ शकत नाही. म्हणजे कैद तीन वर्षं. जन्मठेपेची भीती कुणी घातली असेल तर ती काढून टाका.

तरीही वरचं कोर्ट शिक्षेत हात घालतं तेव्हा काय बघतं, हे समजून घ्या. शिक्षा ठरवणं हा खालच्या न्यायाधीशाचा विवेकाधिकार. 'मी असतो तर वेगळी दिली असती' एवढ्यावर वरचं कोर्ट ती बदलत नाही. विचार करायचा होता तो केला का, भलताच विचार केला का, शिक्षा डोळ्यात भरण्याइतकी जास्त किंवा कमी आहे का, हे बघतं. १९५५ साली उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दहा वर्षं केली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा तीनवर आणली, कारण आरोपीच्या विरोधात जाताना निकालावर दिसतील अशी भक्कम कारणं लागतात. उलट बाजूचंही उदाहरण आहे. पंजाबात बेदरकार गाडी चालवून दोघांचा जीव घेणाऱ्याची एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयानं भोगलेल्या चोवीस दिवसांवर आणली, भरपाई दिली होती म्हणून. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिने केली. पैसे दिले की शिक्षा सुटते, असं नाही.

हे लिहितोय कारण तुम्ही शेवटी विचारलंय : "दोन लाख देऊन मिटवू का?" मिटवा, पण समजून मिटवा. ३२६ मध्ये तडजोड होत नाही. कायद्यानं परवानगीच नाही. तरी समेट झाला असेल तर शिक्षा कमी करताना कोर्ट तो बघतं. ३२५ मध्ये मात्र कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते, अपिलातही होते, आणि तडजोड नोंदली गेली की परिणाम निर्दोष सुटकेचा. प्रोबेशनपेक्षाही हे चांगलं. म्हणून पुन्हा तेच, आधी कलम. शेजाऱ्याकडे भाऊबंदांचा घोळका घेऊन जाऊ नका, कारण धमकीचा आरोप आला तर जामीन जाईल. त्याचा दवाखान्याचा खर्च किती झाला, हात आता पुरता चालतो का, खळ्यावर काम करता येतं का, हे एका शहाण्या माणसानं जाऊन विचारावं. रक्कम त्यावरून ठरू द्या. तडजोड नाहीच झाली, तर प्रोबेशन देताना कलम ५ खाली कोर्ट भरपाई आणि खर्च द्यायला लावू शकतं. तुम्ही ती द्यायला तयार आहात, हे अपिलातच लिहून द्या. आणि तो बांध एकदाचा मोजून घ्या. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. पोरगं सुटून आलं आणि बांध तिथेच वाकडा असेल तर पुढच्या पेरणीला पुन्हा काठी निघेल.

दुसऱ्या वाचकांसाठी एक इशारा. वय सगळीकडे चालत नाही. गांजा वगैरेच्या कायद्यात अठराच्या वरच्याला प्रोबेशन मिळत नाही, सेवनाचा गुन्हा आणि आणखी एखादं किरकोळ कलम सोडलं तर. पोक्सोमध्ये बलात्काराच्या कलमांना किमान शिक्षाच मोठी आणि वर जन्मठेप. एकोणीसचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी पळून गेली, अशा प्रकरणांत आईबाप रडत येतात आणि मला सांगावं लागतं की शिक्षेवर बोलायला इथे जागाच ठेवलेली नाही, जे काय भांडायचं ते पुराव्यावर.

राहिली भरती. परभणीच्या मैदानावर पहाटे सोळाशे मीटर पळणारी पोरं मी रोज बघतो, त्यातला एक तुमचा भाचा असेल. प्रोबेशन मिळालं तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. पण याचा अर्थ गुन्हा पुसला जातो असा नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आहे. दोषसिद्धी कागदावर राहते, आणि नोकरी देणारा त्या माणसाच्या वागणुकीचा विचार करू शकतो. तडजोडीनं सुटला तर चित्र बरं, पण चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्हा नोंद झाला होता का, हा प्रश्न तरीही असतोच. तिथे 'नाही' लिहिलं तर लपवल्याचा ठपका बसतो. २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे नोकरी देणाऱ्यानं समजुतीनं बघायला वाव ठेवला आहे. मोडलेला हात किरकोळ धरतील का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पळणं थांबवू नका म्हणा त्याला, पण कृषी पदविका, आयटीआय, काहीतरी सोबत सुरू ठेवा. अहवालात तेही दिसेल.

अपिलाचा मसुदा पुन्हा बघायला वकिलांना सांगा. त्यात फक्त निर्दोष सोडा आणि कारणं नाहीत, एवढंच असेल, तर जादा मुद्द्यांचा अर्ज द्यायला लावा. क्रम असा : निर्दोष, ते नाही तर ३२६ ऐवजी ३२५, तसं झालं तर कलम ६ सह ११ खाली परिविक्षा अहवाल मागवून बंधपत्रावर सुटका, भरपाईची तयारी, तेही नाही तर शिक्षा कमी. निर्दोष म्हणतो आणि दयाही मागतो हे विसंगत दिसेल, असं तुमच्या वकिलांना वाटत असेल, तर ते चूक आहे. पर्यायी विनंती सगळे करतात. सोबत शाळेचा दाखला, जप्ती पंचनामा, डॉक्टरांची साक्ष आणि निकालाच्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाची नोंद, या चार नकला. रोजनामा यासाठी, की दोषी धरणं आणि शिक्षा एकाच दुपारी झाली का आणि शिक्षेवर ऐकायला किती वेळ दिला, ते त्यात दिसतं.

पुढची तारीख कधीची आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.